शेगडीवाला, भिंगवाला आणि अंधेरीतला एक गृहस्थ

मार्च अर्धा सरला की आमच्या मुलुंडच्या इमारतीच्या गच्चीवर एका बाजूला साडीवर घातलेल्या कुरडया असतात आणि दुसऱ्या बाजूला तोंडासमोर पुस्तक धरून येरझाऱ्या घालणारी पोरं. दोघांचं वाळणं सारखंच चाललेलं असतं. मी कुरडयांची राखण करायला बसते, म्हणजे खरं तर टाकीच्या सावलीत पेंगते. परवा तळमजल्यावरची तन्वी शेजारी येऊन धपकन बसली.

"आजी, वाट लागलीये माझी. काही म्हणजे काही डोक्यात शिरत नाहीये."

"कसला पेपर आहे?"

"फिलॉसॉफी. ते युरोपवाले सगळे. तुमचा कुठला विषय होता?"

"हाच."

"काय सांगता! मग आठवतं का काही?"

आठवतं का? मी तिला शेगडीवाला सांगितला, भिंगवाला सांगितला, कॅरमवाला आणि घड्याळवालाही सांगितला. ती माझ्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "आजी, ही माणसं आमच्या सिलॅबसमध्ये नाहीत हां." आहेत गं बाई, सगळी आहेत. पण तुझ्याकडे ती नावानिशी आली, आणि आमच्याकडे नावं शेवटी भरायची ठरली होती. एवढ्यात कुठल्याशा झाडावरून तांबट पक्ष्याची टुकटुक सुरू झाली, आणि समोरचं ऊन मुलुंडचं राहिलं नाही. अंधेरीचं झालं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. अंधेरी पूर्वेला, गुंदवलीच्या आतल्या अंगाला आमची दुमजली इमारत होती. विमानतळ हाकेच्या अंतरावर. विमान डोक्यावरून गेलं की बोलणारा माणूस मधेच थांबायचा आणि आवाज विरला की त्याच शब्दापासून पुढं बोलायचा. भांडणंसुद्धा अशीच चालायची. पार्ल्याकडून वारा आला की बिस्किटांचा गोड वास यायचा, कारखान्यांकडून आला की नाकात रसायनं शिरायची. परीक्षेच्या दिवसांत तो बिस्किटांचा वास फार छळायचा. अजूनही कुठं तसा वास आला तर मला आधी भूक लागते आणि मग पेपर आठवतो.

बी.ए.चे माझे बाकी सगळे विषय सुटले होते, आधुनिक युरोपीय तत्त्वज्ञान तेवढं मानगुटीवर बसलं होतं. बाबा बसडेपोत फिटर होते, साताऱ्याकडून आलेले. आमच्या घराण्यात पदवीच्या दारापर्यंत पोचलेली मी पहिलीच, आणि दारातच आपटले. बाबा रागावले नाहीत. बुद्धविहारात गेले, बराच वेळ बसले आणि येताना माझ्यासाठी भजी घेऊन आले. रागावले असते तर परवडलं असतं. आता दुसऱ्यांदा बसत होते, आणि इंग्रजीतली ती जाडी पुस्तकं उघडली की मला जांभया येत होत्या.

आमच्या डोक्यावर नाना राहायचे. नाना कादंबरीकार. नावाजलेले नव्हेत, पण लायब्रऱ्यांतून त्यांच्या कादंबऱ्या पानं सुटेपर्यंत वाचल्या जायच्या. माझ्या आईनं एक कादंबरी भात करपेपर्यंत वाचली होती आणि त्याबद्दल नानांना जिन्यात बोल लावला होता. मूलबाळ नव्हतं. घरात नाना आणि त्यांची बायको माई, आणि जिथं तिथं कागद.

नानांनी स्वतःच्या हातानं कादंबरी कधी लिहिलीच नाही. ते खिडकी ते दार अशा येरझाऱ्या घालत सांगायचे आणि माई लिहून घ्यायच्या, मांडीवर पाट घेऊन, शाईच्या पेनानं. एखादं वाक्य खोटं वाटलं की माई तोंडानं काही म्हणायच्या नाहीत. पेनाला टोपण लावायच्या. टक्. तो आवाज झाला की नाना थांबायचे, वाक्य बदलायचे, नाही जमलं तर प्रसंगच काढून टाकायचे. मग माई टोपण काढून म्हणायच्या, "हं, पुढं सांगा." त्यावर वाद नाही. प्रकाशकानं नाक मुरडलं तरी नाना त्याला धूप घालत नसत, पण माईंनी टोपण लावलेलं वाक्य त्यांनी लग्नानंतर एकदाही छापलं नव्हतं. एक नायिका म्हणे अशीच बिचारी विहिरीत उडी घेता घेता वाचली, कारण माईंना ती उडी पटली नाही.

मग माई विसरायला लागल्या. चहात मीठ पडलं, तेव्हा सगळे हसले, त्यासुद्धा. मग दूधवाल्याला ओळखेनात. मग मेलेल्या बहिणीला पोस्टकार्ड टाकायचं म्हणून हटून बसल्या. एकदा पायात चपला न घालता निघाल्या त्या जवळच्या सिनेमा स्टुडिओच्या फाटकापाशी सापडल्या. तिथल्या राजाराण्यांचे कपडे घातलेल्या दोन एक्स्ट्रा बायका त्यांना हाताला धरून घरी घेऊन आल्या. माईंना वाटलं, लग्नाहून आलो. डॉक्टर म्हणाले, वय झालं, जपा. जपा म्हणजे नेमकं काय करा, हे मात्र कुणी सांगेना.

त्यातच गिरगावातल्या एका प्रकाशकाचं काम आलं. विद्यार्थ्यांसाठी छोटंसं पुस्तक हवं होतं, आधुनिक युरोपीय तत्त्वज्ञानाची थोडक्यात ओळख. ज्या प्राध्यापकांनी ते कबूल केलं होतं, ते भांडून निघून गेले होते. नानांनी तरुणपणी याच विषयात एम.ए. केलं होतं, आणि प्रकाशकाचं म्हणणं असं की नाना, तुमचं लिहिणं लोकांना कळतं. जूनमध्ये कॉलेजं उघडायच्या आत हवं. माईंच्या हातून आता लिहिणं होत नव्हतं. आईनं जिन्यातच सौदा जमवला: सुमन लिहून घेईल, नानांनी तिला पास करावं.

म्हणून मी दुपारी वर जाऊ लागले. माईंचा पाट आता माझ्या मांडीवर होता. ते त्यांना आवडलं नाही, म्हणून नानांनी त्यांच्या हातात त्यांचंच पेन दिलं, शाई न भरलेलं, आणि समोर पाठकोरे कागद. आम्ही दोघी लिहायचो. त्यांच्या कागदावर काही उमटायचं नाही, पण हात ओळीनं चालायचा, ओळ संपली की खाली यायचा.

पहिल्या दिवशी नानांनी रुबाबात सुरुवात केली. नाव, देश, काळ, ग्रंथ. माईंनी टोपण लावलं. टक्. ते नाव त्यांच्या जिभेवर बसेना, कानात शिरेना. नाना खिडकीशी थांबले. एक विमान गेलं. मग ते म्हणाले, "बरं. नावं शेवटी भरू. सुमन, लिही. बाहेर मरणाची थंडी होती आणि एक माणूस शेगडीपाशी बसला होता."

माईंनी टोपण काढलं.

असा शेगडीवाला आमच्याकडे आला. शेगडीपाशी बसून त्यानं ठरवलं की ज्याच्याबद्दल जरा म्हणून संशय येईल ते खरं मानायचं नाही. डोळे फसवतात, स्वप्नात तर सगळंच खरं वाटतं, दोन आणि दोन चार हेही कुणी भुतानं आपल्या डोक्यात घातलं नसेल कशावरून? सगळं गेलं, घर गेलं, अंग गेलं, देवाचाही पत्ता नाही. उरलं एवढंच, की मी हा असा विचार करतोय, त्याअर्थी मी आहे. मी भराभरा लिहीत होते, आणि खोटं कशाला सांगू, पहिल्यांदाच मला जांभई आली नाही.

दुसऱ्या दुपारी माईंना माझं नाव आठवत नव्हतं. सकाळी जेवल्या की नाही तेही नाही. पण मी पाट मांडीवर घेतला आणि त्यांनी विचारलं, "तो शेगडीपाशी बसला होता, तो उठला का गं?"

नाना येरझारी घालता घालता जागच्या जागी थांबले. त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. रेशनच्या रांगेत आपला नंबर येईपर्यंत साखर संपली असं कळावं आणि तेवढ्यात आतून कुणीतरी आणखी एक पोतं ओढत आणावं, तसा.

त्या दिवसापासून पुस्तकाची थोडक्यातली ओळख थोडक्यात राहिली नाही. नानांना पुस्तकाची काही पडलेलीच नव्हती. त्यांना माई हातच्या जायला नको होत्या, एवढंच. खरी माणसं एकेक करून माईंच्या डोक्यातून उठून चालली होती, पण ही दूरदेशीची मेलेली माणसं मात्र बसून राहत होती. मग नाना त्यांना चांगलं बसायलाच आसन देऊ लागले. शेगडीवाल्याला पडसं झालं, त्याला सकाळी उशिरा उठायची खोड लागली. भिंगवाल्याला तर नानांनी असा उभा केला की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या जातभाईंनी त्याला वाळीत टाकलं, आणि तो भाड्याच्या खोलीत बसून चष्म्याची भिंगं घासत राहिला. देव आकाशात कुठं बसलेला नाही, हे जे सगळं आहे तेच देव आहे, असं म्हणाला, म्हणून वाळीत.

"त्याच्या आईनं काही केलं नाही?" माईंनी विचारलं.

"आई लहानपणीच गेली होती त्याची."

"अगं बाई. आणि ती काचेची पूड छातीत जाते हो. त्याला दूध द्यायला हवं कुणीतरी." त्या दिवशी चहापुरतं दूधसुद्धा त्यांनी झाकून बाजूला ठेवलं आणि आम्हांला कोरा चहा मिळाला.

मी कुरकुरायचे. "नाना, परीक्षेत त्याच्या आईबद्दल विचारत नाहीत."

"विचारायला हवं," नाना म्हणायचे.

कॅरमवाला मला सगळ्यांत आवडायचा. मूळ पुस्तकात बिलियर्डचे चेंडू होते, पण आमच्या इमारतीत बिलियर्ड कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून नानांनी कॅरम मांडला. स्ट्रायकर लागला म्हणून सोंगटी सरकली, असं आपण म्हणतो. पण 'म्हणून' कुणी पाहिलंय? आपण फक्त आधी हे आणि मग ते पाहिलं, बाकी सवय. हाच गृहस्थ पुढं म्हणतो की मी आत डोकावून बघतो तेव्हा कधी ऊन सापडतं, कधी राग, कधी भूक, पण 'मी' नावाचं कुणी सापडत नाही.

"हे तर आमच्या विहारात दर पौर्णिमेला सांगतात," मी म्हटलं.

"मग नापास कशी झालीस गं?"

"तिथं पेपर नसतो ना!"

नाना खो खो हसले. माईही हसल्या, आम्ही हसलो म्हणून. कॅरम बोर्ड कित्येक दिवस गॅलरीत तसाच मांडलेला होता. त्यावर दुपारचं ऊन यायचं आणि पावडरीचा वास सुटायचा.

पुढं आलेला झुपकेदार मिशीवाला मात्र टिकला नाही. नानांनी त्याच्यावर आठवडाभर घाम गाळला होता. तो देव मेला म्हणून गर्जत आला आणि माईंनी लागोपाठ टोपणं लावली. "फार ओरडतो हा," त्या म्हणाल्या. "शेजारीपाजारी काय म्हणतील?" नानांनी अख्खं प्रकरण काढून टाकलं. मी भांडले. त्या मिशीवाल्यावर हमखास प्रश्न येतो, मागच्या खेपेला त्यानंच मला आपटवलं होतं.

"नाना, त्यांना ऊन लागलं असेल. हात भरून आला असेल. त्या सवयीनं लावतात टोपण."

"असेल," ते म्हणाले. "पण आजवर ज्या हातावर विश्वास ठेवला तो आता कसा काढून घेऊ? मग ती तिथं नुसतीच बसलेली राहील."

माणसं दुखण्यात देवाला नवस बोलतात. नानांचा देवावर विश्वास नव्हता, म्हणून ते त्या टोपणाला धरून बसले होते. अशा वेळी शहाणपण शिकवणाऱ्या माणसाचा मला आजही राग येतो.

घड्याळवाला आला तेव्हा एप्रिल लागला होता. आंब्याच्या पेट्या महाग होत्या आणि जिन्यात फणसाचा वास होता. त्याच्या गावातले लोक त्याच्या फिरायला जाण्यावर म्हणे घड्याळं लावायचे. तो सांगायचा, आपल्याला वस्तू दिसते ती आपल्या डोळ्यांच्या चष्म्यातून दिसते. वस्तू स्वतः जशी आहे तशी आपल्याला कधीच कळणार नाही, आपण तिच्या दाराबाहेरच. माईंना त्याच्या म्हणण्याशी कर्तव्य नव्हतं. त्या संध्याकाळी पदर सारखा करून गॅलरीत उभ्या राहायच्या आणि खालच्या रस्त्याकडे बघायच्या. "अजून आला नाही तो. एरवी चुकत नाही." मागं नाना उभे असायचे, त्यांच्याकडे मात्र त्या वळून बघायच्या नाहीत. त्या दोघांना असं पाठमोरं बघितलं की मला काहीतरी करावंसं वाटायचं, आणि करण्यासारखं काही नसायचं. मी आपली शेगडीवाल्याची उत्तरं घोकत खाली उतरायचे.

तोवर माईंचं 'अहो' बंद झालं होतं. कधी झालं ते सांगता येणार नाही. पूर्वी त्या घरात दिवसभर 'अहो' चालायचं. अहो, दूध ओतू जाईल. अहो, पुढं सांगा. आमच्या छतातून खाली ऐकू यायचं. एक दिवस लक्षात आलं की वर नुसती येरझाऱ्यांचीच चाहूल आहे.

आणि मग एकदा मी चहाचे कप विसळत होते, तेव्हा माई माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाल्या, "पोरी, हे मास्तर रोज येतात शिकवायला. बोलतात छान. पण यांना घर नाही का गं?"

स्वयंपाकघर म्हणजे एवढंसं, आणि नाना दारातच उभे होते. मला वाटलं आता ते रडतील, ओरडतील, निदान मटकन खाली बसतील. ते म्हणाले, "आहे हो. इथून जवळच आहे."

आयुष्यभर ज्या बायकोला अगंतुगं केलं, तिला त्या दिवसापासून ते अहोजाहो करू लागले. परक्या बाईशी बोलावं तसं, अदबीनं. मी खाली येऊन आईच्या कुशीत तोंड खुपसून रडले. आईला वाटलं, अभ्यास झाला नाही.

तन्वी परवा म्हणाली, "पण आजी, तुम्ही पास झालात ना शेवटी?" झाले की. पेपरात शेगडीवाला आला, घड्याळवाला आला. शेगडी, पडसं, गॅलरी सगळं गाळून मी शहाण्या मुलीसारखी उत्तरं लिहिली. बाबांनी डेपोभर पेढे वाटले. पुस्तकही जूनमध्ये निघालं, बारीक अंगाचं, करड्या कव्हराचं. प्रकाशकाच्या माणसानं आयांना, पडशांना कात्री लावली होती आणि नावं भरली होती. पुढं बरीच वर्षं मुलं ते वापरत. कुणाकडे दिसलं की मी हातात घ्यायचे आणि शेवटचं पान बघायचे. मला ठाऊक असायचं तिथं काय नाही ते.

माझ्या परीक्षेच्या आधीची दुपार होती. पुस्तक संपल्यात जमा होतं. नानांनी ते लांबवायचं तेवढं लांबवलं होतं, पण आता युरोपात माणसंच शिल्लक राहिली नव्हती. नानांनी त्या दिवशी धुतलेला सदरा घातला होता. माई नेहमीच्या जागी बसल्या होत्या, हातात कोरडं पेन. वारा पार्ल्याकडून होता. नाना येरझारी घालेनात. माईंच्या समोर, पाहुण्यानं बसावं तसे खुर्चीच्या कडेला बसले.

"सुमन, लिही. शेवटचं प्रकरण. अंधेरीत एक गृहस्थ राहत होता."

मी मान वर केली. "युरोपात ना?"

"लिही तू. अंधेरीत एक गृहस्थ राहत होता. तो गोष्टी सांगायचा आणि त्याची बायको लिहून घ्यायची. शेगडीवाल्याचं म्हणणं त्याला पुष्कळ दिवस पटत होतं, की मी विचार करतो म्हणून मी आहे. पण पुढं पुढं त्याच्या लक्षात आलं की नुसत्या विचारानं भागत नाही. तो दिवसभर विचार करायचा, तरी संध्याकाळपर्यंत आपण आहोत की नाही याचीच त्याला शंका यायची. तेव्हा त्यानं आपला सिद्धान्त मांडला." नाना माईंच्या डोळ्यांत बघत होते. "समोरचं माणूस 'अहो' म्हणतं, म्हणून मी आहे."

डोक्यावरून विमान गेलं. आम्ही तिघंही सवयीनं थांबलो. भांडी हलली, खिडकीचं तावदान थरथरलं. माईंचा हात कागदावर तसाच टेकलेला होता, आणि त्या नानांकडे बघत होत्या, अगदी लक्ष देऊन, कपाळाला बारीक आठी घालून. इतक्या दिवसांत त्यांनी नानांकडे असं बघितलं नव्हतं. म्हण गं बाई, मी मनात म्हणत होते, एकदाच म्हण. विहारातली सगळी वचनं, आईचे उरलेसुरले देव, जे आठवेल ते मी त्या क्षणी पणाला लावलं.

विमान गेलं. माईंनी पेनाला टोपण लावलं.

टक्.

"हा खरा वाटत नाही, मास्तर," त्या म्हणाल्या. वाईट वाटू नये अशा बेतानं, हळूच. "बाकीचे सगळे घरचे वाटतात. तो काचेचं काम करणारा, तो शेगडीवाला. हा तेवढा बनवलेला वाटतो. असा कुणी असतो का? काढून टाका ह्याला."

नाना उठले, सदरा सारखा केला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला त्यांची पाठच दिसत होती.

"नाना, राहू दे ना," मी म्हटलं. "छान आहे. मी लिहिते, त्यांना कळणार पण नाही."

"खोड, सुमन."

"नाना—"

"खोड म्हटलं ना. तिला पटलं नाही."

मी खोडलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, एकेका शब्दावरून रेघ ओढली. माई माझ्या हाताकडे बघत होत्या. शेवटचा शब्द झाला तशी त्यांनी समाधानानं मान हलवली, पेनाचं टोपण काढलं, कागद सरळ केला आणि खिडकीकडे बघून म्हणाल्या,

"हं. पुढं सांगा."